हिरीतला हिरवा खण

सोनई ते घोडेगाव माझ्यावानी धीराचा गडी दुसरा न्हवता. फकस्त हिरीत डोकवायचं झालं की मी पालथा पडायचो आन् काठावरचं गवत दोन्ही मुठीत धरायचो.

लढाई चालू हुती तवाची गोष्ट. आमच्या हिरीला सुरुंग लावला आन् तळाला मोठा झरा फुटला. पानी उपसल्याबिगर काम पुढं जाईना. गुत्तेदारानं नगरहून वाऱ्यावर चालनारा पंप आनला. काठावर यंत्र धडधडायचं, त्याचा वारा रबरी नळीतून खाली जायचा. तळाला एक लोखंडी भांडं बुडवलेलं. जाळीतनं त्यात पानी भरलं की वारा त्याला दाबायचा, आन् दुसऱ्या नळीनं पानी वर. मग भांडं वारा सोडायचं, फुस्स, आन् परत भरायचं.

ते फुस्स ऐकलं की मी काठापासनं चार हात मागं सरायचो. हिरीत साती आसरा, पान्यातल्या देवी, ऱ्हात्यात. नव्या पान्याला त्यास्नी हिरवा खण द्यावा लागतो. आमी दिला न्हवता. दादा म्हनायचा, "आधी हीर पुरी हू दे."

एका सकाळी तळाला दगड घरंगळला आन् दादाचा पाय खाली घावला. दादा पान्यात बसलेला, पानी कमरंला. पंप चालू, म्हनून तिथंच थांबलेलं. दोन गडी पहारी घालून दगड उचलत हुते.

"भावजी, नळीवर ध्यान ठिवा," वैनी म्हनाली.

मी कुठला ठिवतोय. घराकडं पळालो, वैनीच्या पेटीतला खण आनला आन् आसरांच्या नावानं हिरीत सोडला. नारळबी आनला हुता, पन बरोबर खाली दादाचं डोकं दिसलं, म्हनून ठिवला.

खण पान्यावर जरा फिरला आन् बुडाला. वरची नळी नुसता वारा थुकाय लागली. पानी दादाच्या छातीला आलं.

"जाळीवर काय बसलं रं?" यंत्रवाला वरडला.

पहार सोडली तर दगड परत पायावर येनार. गडी हलंनात. वैनीनं माझ्याकडं बघितलं. "टाकलं कुनी? त्यानंच काढायचं."

कमरंला दोर बांधून मला खाली सोडलं. डोळे मी मिटूनच घेतले हुते. खाली टेकलो तवा पानी दादाच्या हनवटीला. जाळीवरचा खण सुटावा म्हनून यंत्रवाल्यानं वारा बंद केला, तसं भांड्यानं शेवटचं फुस्स केलं, आन् मी दादाच्या गळ्यालाच मिठी मारली.

"मला सोड," दादा पानी थुकत म्हनाला, "भांडं धर."

धरलं. डोळे मिटूनच जाळी चाचपली आन् खण ओढून काढला. वारा परत आला, पानी उतराय लागलं, थोड्या येळानं दगड सरकला. दादाचा पाय सुजला हुता, पन शाबूत हुता.

वर आलो तरी खण माझ्या मुठीतच. वैनीनं तो घेतला, पिळला आन् परत माझ्या हातात दिला.

"आसरांनी काय घेतला न्हाई, भावजी. आता तुमीच चोळी शिवा आन् घाला."