आईचं लाल औषध

मंडळी, आज सकाळी मैत्रीण म्हणाली, "केस जाणार असतील तर मला केमो नकोच." मग मी तिला माझ्या आईची गोष्ट सांगितली.

ऐंशीच्या दशकात आई गुहागरला शाळेत शिकवायची. स्तनाचा कर्करोग झाला, म्हणून मुंबईला नेऊन तिला शिरेतून लाल औषध देत. लघवीही लाल व्हायची. ते रक्त नव्हे, औषधाचाच रंग, हे कळेपर्यंत ती घाबरली होती. उलट्या व्हायच्या, तोंड यायचं, पेजही गिळवत नसे. मग केस गेले.

बाबा म्हणाले, "बरी होईपर्यंत घरीच राहा गो."

"नाही हो. अंगात बळ आहे त्या दिवशी मी शाळेत जाणार."

वर्गात एका मुलीने विचारलं, "बाई, तुमचे केस कुठे गेले?"

आईने डोक्यावरचा पदर सरळ खाली घेतला. "हे औषध भराभर वाढणाऱ्या पेशींना मारतं. रोगाच्या पेशी तशाच, केसांच्या मुळातल्याही तशाच. केस परत येतील. रोग परत येऊ नये म्हणून हे सोसायचं."

केस आले, तेही कुरळे! निवृत्त होईपर्यंत तिने शिकवलं.

मग मैत्रीण म्हणाली, "सोमवारी केमोला येशील माझ्याबरोबर?"

जाणार आहे. तुमच्या घरी आजाराबद्दल मुलांशी इतकं सरळ कुणी बोललं होतं का?