तीन जंतू, एक कडं

तिला सगळे जंतूताई म्हणत. नाव धाकट्या भावाने ठेवलेलं, लहानपणी. कपाटामागे ओल्या पावाचे तुकडे झाकून ठेवायचे आणि त्यांच्यावर काय काय उगवतं ते बघत बसायचं, हा तिचा उद्योग. आई कावायची, पण धाकटा तिच्या शेजारी उकिडवा बसून तेवढ्याच कौतुकाने बघायचा. पुढे तो लहान मुलांचा डॉक्टर झाला, मोठ्या हॉस्पिटलात नवजात बाळांच्या वॉर्डचा प्रमुख झाला. ती विद्यापीठात जंतूंच्या जनुकांवर संशोधन करत राहिली. त्याला जीवशास्त्र तिनेच शिकवलं होतं, आणि हे तो चारचौघांत अभिमानाने सांगायचा.

तिचा विषय जन्मभर एकच होता. एखाद्या जंतूला औषध पचवायची युक्ती साधली की ती दुसऱ्याकडे जाते कशी? जंतूच्या पोटात मुख्य जनुकांखेरीज जनुकांचंच एक छोटं कडं असतं. त्याची नक्कल करून तो ती शेजाऱ्याला देऊन टाकतो, शेजारी परजातीचा असला तरी. “माणसं वारशाने देतात, जंतू शेजारधर्माने,” असं ती विद्यार्थ्यांना सांगायची. या कामात नाव होत नाही. बशांमध्ये जंतू वाढवायचे, निम्मे प्रयोग फसलेले बघायचे, अनुदानासाठी उंबरे झिजवायचे. लग्न केलं नाही म्हणून नातेवाइकांनी काही वर्षं बोलून घेतलं, मग तेही थकले.

एके दिवशी धाकटा स्वतः लॅबमध्ये आला. बॅगेतून नमुन्यांच्या कुप्या काढून त्याने तिच्या टेबलावर ठेवल्या. वॉर्डमधल्या तीन बाळांना ताप होता आणि सगळ्यात जालीम औषधालाही तो दाद देत नव्हता. त्यातलं एक बाळ गेलं होतं. हॉस्पिटलच्या तपासणीत तिघांच्या रक्तात तीन वेगवेगळे जंतू सापडले होते, म्हणून सगळे म्हणत होते की हा योगायोग आहे, साथ नव्हे. धाकट्याला ते पटत नव्हतं. रीतसर पाठवायला वेळ लागेल, तू बघ, एवढंच तो म्हणाला. घरच्या माणसाकडून पोचपावती कोण मागतं?

जंतू तीन होते खरे, पण तिने त्यांच्यातली कडी वाचून काढली तेव्हा तिन्हींत एकच कडं निघालं. युक्ती एकच, घरं तीन. म्हणजे हे तिन्ही जंतू कुठेतरी एकत्र नांदत होते. ती वॉर्डात गेली. मुख्य सिस्टरांनी तिला सगळीकडे फिरवलं आणि तिने पाळण्यांच्या कडा, नळ, दारांच्या मुठी पुसून नमुने घेतले. कडं सापडलं हात धुण्याच्या बेसिनच्या जाळीखाली, पाइपातल्या बुळबुळीत थरात. बाळांना उचलण्याआधी जिथे प्रत्येक जण हात स्वच्छ करत होता, तिथेच.

ही गोष्ट तिने सगळ्यांआधी धाकट्याला सांगितली, त्याच्या स्वयंपाकघरात, भावजय चहा गाळत असताना. त्याने थोडी मुदत मागितली. हॉस्पिटलची मोठी तपासणी तोंडावर आली होती. ती पार पडली की मी स्वतः जाहीर करतो, असं तो म्हणाला. तिच्या जिभेवर ‘नाही’ आलं होतं, पण समोर भाऊ होता. तिने अहवाल दाबून ठेवला. ती मधूनमधून फोन करायची आणि तो म्हणायचा, बघतोय, ताई, बघतोय.

तेवढ्यात गेलेल्या बाळाच्या वडिलांनी तक्रार केली. चौकशी समिती बसली आणि वॉर्डातले नमुने तिने तपासले होते म्हणून तिलाही बोलावणं आलं. ती सगळी तयारी करून गेली. लांब टेबलाच्या पलीकडे धाकटा बसला होता. समितीने त्याला आधी विचारलं.

त्याने शांतपणे सांगितलं की बहिणीच्या लॅबमध्ये नमुन्यांची सरमिसळ झाली असावी. “ती वर्षानुवर्षं याच जंतूंवर काम करते. तिच्या फ्रीझरमध्ये ते भरलेले आहेत,” तो म्हणाला. बोलताना त्याने तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

तिने बेसिनचा विषय काढला. समितीने बेसिन आधीच तपासलं होतं आणि ते स्वच्छ निघालं होतं. स्वच्छ निघणारच. वॉर्डातली सगळी बेसिनं पाइपांसकट उखडून नवी बसवली होती, सुशोभीकरण म्हणून. हे तिला बाहेर व्हरांड्यात मुख्य सिस्टरांनी हळू आवाजात सांगितलं आणि त्या लगबगीने निघून गेल्या.

चौकशी होईपर्यंत तिची लॅब बंद ठेवली गेली. हाताखालचे विद्यार्थी दुसऱ्या मार्गदर्शकांकडे गेले. ते जाताना चूक केल्यासारखे निरोप घेत होते. कॅन्टीनमध्ये ती बसली की टेबल रिकामं राहायचं. वाईट चालीची म्हणून कुणी बदनाम केलं असतं तर तिने हसून सोडलं असतं. गलथान ठरवलेलं तिला गिळता येईना.

ती धाकट्याच्या खासगी दवाखान्यात गेली. नंबर लावून बसली. आत गेल्यावर त्याने नेहमीच्या सवयीने खुर्ची पुढे ओढली, पण ती उभीच राहिली.

“माझं तुला पटलं होतं?” तिने विचारलं.

“पहिल्याच दिवशी.”

“आणि बेसिनं?”

“त्याच आठवड्यात बदलली. त्यानंतर एकाही बाळाला ताप आलेला नाही, ताई.”

तिला बरं वाटलं आणि बरं वाटल्याचाच राग आला. “मग मला खोटं का पाडलंस?”

“वॉर्ड बंद झाला असता. माझ्यामागे किती माणसं आहेत तिथे. तू एकटी आहेस.” तो टेबलावरची काच पुसत राहिला. “मला वाटलं, तू सावरशील. तू नेहमीच सावरतेस.”

परक्याने केसाने गळा कापला तर माणूस निदान शिव्या तरी देतो. ती दार लोटून बाहेर आली आणि रस्त्यावर कितीतरी वेळ चुकीच्या दिशेने चालत राहिली.

तिने नमुन्यांच्या उरलेल्या कुप्या आणि स्वतःचा सगळा जंतुसंग्रह दुसऱ्या शहरातल्या एका लॅबला तपासायला दिला. बाळांमधलं कडं तिच्या संग्रहात कुठेच नाही, असा त्यांचा निर्वाळा आला. समितीने तो ठेवून घेतला आणि निष्कर्ष काढला की नक्की काही सांगता येत नाही. लॅब उघडली. विद्यार्थी परत आले नाहीत. पुढे तिने हॉस्पिटलचं नाव न घेता तो शोध छापला, आणि हळूहळू इतर ठिकाणचे लोक जंतूची जात न बघता कडं बघायला लागले. ती निवृत्तीला आली तेव्हा कुठे तिला व्याख्यानांना बोलावू लागले.

अशाच एका व्याख्यानात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं की हे पहिल्यांदा कुठल्या हॉस्पिटलात सापडलं. एरवी ती हा प्रश्न टाळायची. पण त्या मुलीच्या गळ्यातलं ओळखपत्र तिला दिसलं.

“तुमच्याच. नवजात बाळांच्या वॉर्डात,” ती म्हणाली. “तिथल्या प्रमुखांना ठाऊक आहे.”

तिने पुढचं चित्र पडद्यावर लावलं.

त्या संध्याकाळी भावजयीचा फोन आला. घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडून काय मिळवलंत, असं तिने विचारलं. जंतूताईने ऐकून घेतलं. काही मिळालं नव्हतं, हलकंही वाटलं नव्हतं. धाकट्याच्या खुर्चीला धक्का लागला नाही, फक्त त्याने तिच्याकडे येणं सोडलं. आजारी वडिलांच्या खोलीत दोघं समोरासमोर आली तर औषधांच्या वेळा तेवढ्या बोलतात. वडील एकदा म्हणाले, सख्खी भावंडं आहात, सोडा आता. तिने त्यांची उशी सारखी केली आणि पाणी आणायला उठली.