आपलं नाव घालून बघा

सर्वणच्या सगुणचं अक्षर कोणालाच लागत नसे. पाळी गावच्या खाणीच्या ऑफिसात होता, तेव्हा साहेब त्याचे कागद त्याच्याकडूनच वाचून घेत. निवृत्त झाल्यावर तो गावच्या जत्रेतलं नाटक बसवू लागला. मुलीने, गौरवीने, त्याला पेनाने लिहायचा टॅब आणून दिला. सगुणने त्यावर तालमीची टिपणं पानंच्या पानं लिहिली. पण हवं ते पान वेळेवर मिळेल तर शपथ.

"सगळां टाइप करून घेऊया," गौरवी म्हणाली. "मगे शब्द घातलो की पान समोर."

पहिलं वाचन टॅबनेच केलं, अक्षर ओळखून टाइप करत. चुका काढायला बापलेक शेजारी बसली.

"बाबा, सेनापती ओरडता, 'तळून वाढ!' ह्या काय?"

"तलवार काढ गो!"

"आणि राणी विहिरीत पापड टाकता?"

"पाऊल! पाऊल टाकता!"

हसून हसून गौरवीचं पोट दुखलं. काम संपल्यावर तिने टिपणं नाटकाच्या ग्रुपवर टाकली. संवाद शोधायला बरं पडेल म्हणून. संवाद कोणी शोधला नाही. ज्याने त्याने आधी आपलं नाव घातलं. आणि आपलं अक्षर कोण वाचणार, या भरवशावर सगुणने प्रत्येकावर मनसोक्त शेरे मारून ठेवले होते! ते गाळायचं राहून गेलं, असं गौरवी अजून सांगते.

'सुदेश: आवाज डोंगराएवढा, पाठांतर शून्य.'

'सत्यवती: रडते छान. थांबत नाही.'

दुसऱ्या दिवशी सगुण तालमीला गेला तो देवळाच्या मागच्या दाराने. राजा झालेला सुदेश वाटच बघत होता.

"सगुणदादा, माझा पाठांतर शून्य? आता आयक!" आणि त्याने अख्खा पहिला अंक एका दमात म्हणून दाखवला. सत्यवतीनेही डोळे पुसले ते नेमके वेळेवर.

सगुणला गंमत कळली. त्या रात्री त्याने मुद्दाम लिहून ग्रुपवर टाकलं, 'राजा म्हणून धाकू कसा वाटेल?' धाकू पडदा ओढायचा. सुदेशने त्यानंतर एकही तालीम चुकवली नाही. धाकूने मात्र मिशी वाढवायला घेतली.

एक दिवस सगुणने सहज स्वतःचं नाव घातलं. 'सगुण: ओरडतो फार. चहा पाजत नाही.'

"ह्या मी कधी लिवलंय?"

"तुझाच अक्षर, बाबा. काय लिवलंस ता तुकाच ठावक," गौरवी चेहरा सरळ ठेवून म्हणाली.

सगुणने हाताने लिहिलेली सगळी पानं चाळली. ती ओळ सापडली नाही. पण आपण लिहिली नसेल याचीही त्याला खात्री देता येईना. संध्याकाळी तो तालमीला गेला तो चहाची किटली आणि पोदेराच्या भट्टीतले गरम उंडे पाव घेऊन. तालीम संपेपर्यंत कोणावर ओरडलाही नाही.

नाटक झोकात झालं. सुदेश एक शब्द चुकला नाही. फक्त त्याच्या शेवटच्या भाषणात, तो ऐन रंगात आला असताना, मिशीवाल्या धाकूने पडदा ओढून टाकला.