चुडीवाल्याच्या पिक्चरपायी

लोणीतल्या आमच्या आळीत टीव्हीवर एखादा जुना पिक्चर लागला, की आजही कुंपणापलीकडून कुणीतरी विचारतंच, "काय वैनी, रुमाल घेतला का? न्हाईतर जीप यायची पुन्यांदा." माणसं हसतात, मीही हसते, आणि घरात येऊन भांडी जरा जोरात आपटते. त्या पिक्चरचं नाव मी इथे घेणार नाही. नाव घेतलं की माझ्या कानाच्या पाळ्या अजून तापतात. पण तो पिक्चर मला किती आवडतो हे सांगायचं तर ही लाज आधी सांगावी लागेल, तिला वगळून त्याच्याकडे जायला दुसरी वाट नाही.

माझं माहेर जुन्नरच्या पश्चिमेला, घाटघरच्या रस्त्यावर. आमच्याकडे टीव्ही नव्हता. आमचे पिक्चर सगळे दादांच्या तोंडून. दादा म्हणजे माझे वडील. तरुणपणी जत्रेतल्या तंबूत त्यांनी हा पिक्चर पाहिला होता, बायका-पुरुषांच्या मधे कनात आणि बसायला खाली माती. भातलावणीच्या दिवसांत बांधावर भाकरी खायला बसलो, की आम्ही पोरं मागं लागायचो आणि दादा सगळी सोंगं स्वतः घेऊन तो सांगायचे. सासू झाले की डोक्यावरचं पावसाचं इरलं पदरासारखं खाली ओढायचे. एरवी दादा तसे मोजकंच बोलणारे. भावकीत भांडण लागलं तर दोन्हीकडची माणसं त्यांच्याकडे यायची. असा माणूस बांधावर बसून बाईच्या आवाजात बोलतो, हे आमच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

गोष्ट साधीच. मुलीच्या लग्नात मानपानावरून वाजतं आणि सासरची माणसं तिला शपथ घालतात, की तुझ्या बापाने आमचा उंबरा चढायचा नाही. वर्षं जातात. मग एक दिवस म्हातारा बाप चुडीवाल्याचं सोंग घेऊन, टोपली डोक्यावर ठेवून त्या दारात येतो. सासू समोर बसलेली. मुलगी हात पुढे करते, आणि बाप तिच्या हातात बांगड्या भरतो.

"मंग सगळी मानसं रडली," दादा सांगायचे.

"तुमी पण?"

"मी कशाला रडतोय? माज्या डोळ्यात चिलाट गेलं व्हतं."

दर वर्षी ते चिलट जायचंच. शेवट सांगताना मात्र दादा उठून उभे राहायचे. बाप टोपली उचलून चालू लागतो, लिंबाच्या झाडापर्यंत जातो, आणि मागून मुलगी अनवाणी धावत येते, साऱ्या गावादेखत हाक मारते. तिथे आम्ही पोरं टाळ्या वाजवायचो.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत माझं लग्न झालं आणि मी लोणीला आले. कुठे आमची भातखाचरं आणि कुठे हे उघडंबोडकं माळरान. नवरा पारगावला कारखान्यावर कामाला, सासरे लग्नाआधीच गेलेले. घरात मी आणि आत्या. सासूला आमच्याकडे आत्याच म्हणतात. आत्यांचा आवाज असा, की साधं "चहा झाला का?" विचारलं तरी पलीकडच्या घरातला माणूस दचकावा. मनाने बाई लोण्यासारखी. पण मन दिसत नाही, आवाज मात्र सगळ्या आळीला ऐकू जातो.

एका दुपारी दूरदर्शनवर जुना पिक्चर लागला. नावांच्या पाट्या संपल्या, गाण्याची चाल सुरू झाली, आणि माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. दादा औत हाकताना गुणगुणायचे तीच चाल. आत्या म्हणाल्या, "बस, बग. धान्य काय पळून चाललंय व्हय!"

मी बसले. आणि काय सांगू, दादांनी अर्धासुद्धा सांगितला नव्हता. त्यांनी गोष्ट सांगितली होती, पण त्या म्हाताऱ्याचे हात कसे सांगणार? तो मुलीचा हात धरतो, बोटं एकत्र जुळवतो, अंगठा आत दाबतो. कासार करतो तसंच सगळं, पण जरा हळू. सासूच्या नाकासमोर बाप लेकीचा हात हातात घेऊन बसलाय आणि कुणाला पत्ता नाही. दोघं एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत. सासू बांगड्यांच्या रंगाबद्दल काहीतरी बोलत राहते. मला सासरी येऊन चार महिने झाले होते आणि तेवढ्या दिवसांत माझ्या हाताला माहेरचं कुणी लागलं नव्हतं. मला रडू फुटलं. आधी मुसमुसून, मग चांगलं गळा काढून.

म्हाताऱ्याने टोपली डोक्यावर घेतली, आणि लाईट गेली.

खेड्यातली लाईट गेली की काय होतं, हे शहरातल्या माणसाला सांगून कळायचं नाही. टीव्ही गेला, शेजारचा रेडिओ गेला, पिठाची गिरणी थांबली. सगळी आळी चिडीचूप झाली आणि त्या शांततेत एकच आवाज उरला, माझा. मला थांबताच येईना. नेमक्या त्याच वेळी धान्यावर कोंबड्या आल्या म्हणून आत्या खराटा घेऊन धावल्या आणि त्यांच्या त्या आवाजात ओरडल्या, "हाड! माजलीस व्हय गं?" शेजारच्या काकू धावत आल्या तेव्हा त्यांना दिसलं ते असं: टीव्ही बंद, नवी सून तोंडात पदर कोंबून हुंदके देतेय, आणि सासू खराटा उगारून उभी.

"काय झालं गं?" काकूंनी विचारलं. मला लाज वाटली. पिक्चर बघून रडले, असं कोणती नवी सून सांगेल? मी म्हटलं, "काही नाही." झालं! सासुरवाशिणीच्या "काही नाही"चा अर्थ आमच्याकडे शेंबड्या पोराला कळतो.

तिथून ती बातमी मंचरच्या बाजारात गेली आणि बाजारातून माझ्या माहेरी. वाटेत तिने चांगलंच बाळसं धरलं. घरी पोचली तोवर मला खराट्याने झोडपून काढलं होतं आणि दोन दिवस उपाशी ठेवलं होतं.

रविवारी सकाळी दारात जीप उभी राहिली. दादा उतरले, थोरले चुलते उतरले, मागून भावकीतले चार जण. नवरा घरीच होता. तो हसत पुढे झाला, पण त्याच्या रामरामाला कुणी नीट उत्तर दिलं नाही. सगळे ओट्यावर बसले. मी पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि त्याला कुणी हात लावला नाही. आमच्याकडे माणसं जाब विचारायला आली, की मिटल्याशिवाय पाणी घेत नाहीत. तांब्या तसाच मधे राहिला. आळी गोळा झाली.

चुलते म्हणाले, "पोरी, भिऊ नको. खरं सांग. हात उचलला का कुनी?"

"न्हाई."

"मंग रडत का व्हतीस?"

"पिच्चर लागला व्हता."

कुंपणापाशी कुणीतरी फिसकन हसलं. चुलते भडकले. "पिच्चर? अगं, टीवी बंद व्हता. बगनारी मानसं हायती."

"लाईट गेलती."

"अन् त्यो खराटा?"

"कोंबड्या आलत्या धान्यावर."

माझं प्रत्येक खरं उत्तर आधीच्यापेक्षा जास्त खोटं वाटत होतं. मलाच पटेना, तर त्यांना काय पटणार! नवरा काही बोलू लागला, तसे चुलते म्हणाले, "तुमी कामावर व्हता पावणं, तुमाला काय ठावं?" आत्या खांबाला धरून उभ्या होत्या. एवढ्या आवाजाची बाई, पण त्यांच्या पायाचा अंगठा तेवढा जमीन उकरत होता. आयुष्यात कुणासमोर खाली मान घातली नसेल, ती माझ्यापायी घातली होती. धरणी पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं.

"भर तुजे कपडे," चुलते म्हणाले. "चल."

असं भरल्या आळीतून एकदा नेलं, की परत आणायला बैठकांवर बैठका बसतात. परत आले असते तरी आत्यांच्या नावाला लागलेला डाग निघाला नसता. मी जागची हलले नाही. मी दादांकडे बघितलं.

"कंचा पिच्चर?" त्यांनी विचारलं.

"चुडीवाल्याचा."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. "लाईट कवा गेली?"

"तो टोपली उचलतो तवा."

दादा टोपी हातात फिरवत बसले. मग चुलत्यांना म्हणाले, "पोरगी खरं बोलतीया."

"तुला काय ठावं?"

"म्या बी तिथंच रडलोतो. तंबूत. चिलाट न्हवतं गेलं डोळ्यात." आणि मग कुणी न विचारता म्हणाले, "लई रडलो. दुसऱ्या दिशी पुन्यांदा गेलतो, तवाबी रडलो."

कुंपणापासून हसू सुरू झालं ते थेट जीपच्या ड्रायव्हरपर्यंत गेलं. चुलतेसुद्धा मिशीत हसले. दादांनी पुढे वाकून तांब्या उचलला, वरून घटाघटा पाणी प्यायले आणि आत्यांना हात जोडून म्हणाले, "इहीनबाई, चुकलं आमचं." आत्यांनी डोळ्याला पदर लावला आणि एकदम पूर्वीच्याच आवाजात म्हणाल्या, "च्या टाकते. जेवल्याबिगर कुनी हलायचं न्हाई!"

सगळं मिटलं. कुणालाही आनंद व्हावा असंच मिटलं. मी मात्र आत जाऊन चुलीमागे बसले. ज्यांचा शब्द दोन्हीकडची भांडणं मिटवायचा ते माझे दादा, माझ्या सासरच्या ओट्यावर, दात काढणाऱ्या माणसांत, पिक्चर बघून रडलो म्हणून सांगत होते. आणि ते सांगायला मी लावलं होतं. जेवणं झाली, ताटं आत आली, माणसं उठली. आत्या आत येऊन म्हणाल्या, "जा की भायेर. बा निगालाय तुजा." मी म्हटलं, "हात खरकटे आहेत." बाहेर दादांचा आवाज आला, "पोरगी कुटं हाय?" आत्या म्हणाल्या, "कामात हाय." जीप चालू झाली, पण बराच वेळ तिथेच घरघरत उभी राहिली. मला वाटलं, जुनी गाडी आहे, इंजिन तापत असेल.

पुढे दहा-बारा वर्षांनी घरात सीडीचा प्लेअर आला. नवऱ्याने मंचरहून आणलेल्या सीडींमध्ये तो पिक्चर होता. त्याने मुद्दामच आणला होता, चिडवायला. दुपारी मी आणि आत्या बघायला बसलो. आत्यांना आता कमी दिसायचं, त्या अगदी जवळ पाट घेऊन बसल्या. या वेळी लाईट गेली नाही.

म्हातारा टोपली उचलतो. पाठमोरा चालू लागतो. मुलगी दारापर्यंत येते. बांगड्या भरलेला हात कडीवर ठेवते. मी टाळ्यांची जागा आली म्हणून पुढे सरकून बसले. पण ती बाहेर जात नाही. तिच्या पाठीशी सासू काहीतरी विचारते, ती वळून उत्तर देते, आणि दार लावून घेते. कडीचा आवाज होतो, मग बांगड्यांचा. बाहेर लिंबाखाली म्हातारा थांबलेला, मागे वळून बंद दाराकडे बघतोय. तिथे पिक्चर संपतो. गाणं नाही, काही नाही. असा शेवट करायला छाती लागते. मी तो पिक्चर नंतर कितीदा पाहिला, आणि तेवढ्या एका कडीसाठी मी त्याला सगळ्यांच्या वर ठेवते.

पण त्या दुपारी मला हे काही सुचलं नाही. मी म्हटलं, "अशी कशी ही? धावत जायला पाहिजे होती!"

आत्या पडद्याकडेच बघत म्हणाल्या, "तू तरी कुटं गेलतीस? त्यो जीपीतून इकडंच बगत व्हता. डायवर म्हनला, चला, तरी थांब थांब करत व्हता."

मी उठले आणि माहेरी फोन लावला. दादांनीच घेतला. कसे आहात, पाऊस आहे का, काहीच विचारलं नाही. एकदम म्हटलं, "दादा, शेवट खोटा सांगितलात तुम्ही. ती बाहेर येतच नाही."

ते म्हणाले, "पिच्चरमदली येत न्हाई, ते ठावं व्हतं गं मला. पर आपली यील, असं वाटायचं."