आमचे साडू आणि साहेबांचा पासवर्ड

माणसावर जीवही टाकायचा आणि त्याच दमात त्याच्यावर संशयही घ्यायचा, हे साऱ्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात फक्त आमच्या थोरल्या साडूंना जमत असे. मूळचे साताऱ्याकडचे. उमेदीची वर्षं सैन्यात, वायरलेसवरचे निरोप शत्रूच्या कानापासून जपण्यात गेली. सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि महाप्याच्या ज्या कंपनीत मी कारकुनी करत होतो, तिथेच सहा महिन्यांच्या बोलीवर कॉम्प्युटर सिक्युरिटीला लागले. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "सिक्युरिटी ना? मग आपल्या गेटवरच बसा की काका, टेन्शनच नाय." नव्वदच्या त्या दशकात कॉम्प्युटरला राखण लागते हे कुणाला पटत नसे. आमच्या साहेबांना तर नाहीच.

आमच्याकडे आले की आधी मुलांचे गालगुच्चे, मग दाराची कडी हलवून बघणं. चपला नेहमी बाहेर तोंड करून काढायचे, "निघायला बरं." ऑफिसात मी माझा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवला होता, तो पाहून त्या दिवशी त्यांना डबा गेला नाही. मग त्यांनी आवाज बदलून फोन करायचे आणि आमच्याकडून पासवर्ड काढायचे, अशी कवायतच सुरू केली. मी तीनदा फसलो. तिसऱ्यांदा त्यांनी बाईचा आवाज काढला होता, आणि मी पासवर्ड सांगून वर "जेवलात का?" असंही विचारलं. "पाव्हणं," ते कळवळून म्हणाले, "तुमाला शत्रूनं पकडायची गरजच न्हाई. तुमी सोताच चालत जाल."

मुदत संपत आली तसं साहेबांनी बजावलं, "कारकुनाला कोणीही फसवेल. माझ्याकडून पासवर्ड काढून दाखवा, तर नोकरी पक्की. नाहीतर नमस्कार." साडूंनी दुसरीकडे चौकशी केली होती, तिथे फक्त बंदूक धरता येते का, एवढंच विचारलं होतं.

त्यांच्या घरी अजून फोन आला नव्हता, म्हणून रविवारी ते आमच्याकडे आले. घसा खाकरून बँकेच्या मॅनेजरचा खर्जातला आवाज जमवला, नंबर फिरवला. पलीकडून साहेबांचं दणदणीत "हॅलो, कोण?" मलाही ऐकू आलं. त्यासरशी साडू ताडकन सावधानमध्ये उभे राहिले आणि आपलं खरं नाव हुद्द्यासकट सांगून मोकळे झाले! मी कपाळाला हात लावला.

"अहो सुभेदार, खरं नाव कशाला सांगितलंत?" पलीकडून साहेबांनी विचारलं.

"विचारलंत ना, सर."

साहेब मग म्हणाले, "राहू दे. उद्या लवकर या, माझं मशीन तुम्हीच चालू करा. पासवर्ड ऐका..." आणि त्यांनी तो चक्क सांगून टाकला.

साडूंचा चेहरा उतरला. इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "सर, आत्ताच्या आत्ता बदला तो. मी मीच हाय, हे तुमाला कशावरनं?"

साहेब खो खो हसले. "पक्की, सुभेदार. नोकरी पक्की," म्हणाले आणि फोन ठेवला. साडू मात्र रिसीव्हर कानाला लावून तसेच ताठ उभे. विश्राम म्हणणारं आता कोणी नव्हतं. शेवटी माझी बायको चहा घेऊन आली. "बसा आता, भाऊजी," ती म्हणाली, तेव्हा कुठे ते बसले.