माहेरी जाणारं मशीन

आमच्या हॉस्पिटलच्या नोंदणी काउंटरवरचं एक मशीन अधूनमधून माहेरी जायचं. हा शब्द आम्हा बायकांचा. आयटीवाला म्हणायचा, डोमेनमधून बाहेर पडलंय. डोमेन म्हणजे काय, तर हॉस्पिटलच्या सगळ्या कॉम्प्युटरांचं एक घर, आणि सर्व्हर त्या घराचा कर्ता. कोणाला आत घ्यायचं ते तो ठरवणार. त्याचं आणि मशीनचं बिनसलं की पडद्यावर इंग्रजीत यायचं, विश्वासाचं नातं तुटलं. मग आयटीवाला खारघरहून सावकाश येणार, मशीनला घरातून काढून परत जोडणार. आम्ही म्हणायचो, आली बाई नांदायला.

हसायचो खरं, पण त्या मशीनवर बसायची ती नेरे गावची मुलगी हसेनाशी झाली होती. आमची हजेरी लागते लॉगिन केलं की. मशीनने आत घेतलं नाही तर तुम्ही कामावर आलेलाच नाही. समोर रांग, ही खुर्चीत बसून हाताने पावत्या फाडतेय, आणि सिस्टममध्ये ही लेट. वर ती प्रोबेशनवर. महिनाअखेरीला तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते ठरणार होतं.

मी आयटीवाल्याला धरलं. कॉम्प्युटर मी कुठल्या क्लासात शिकले नाही, याला त्याला विचारूनच शिकले, त्यामुळे विचारायची मला लाज नाही. म्हटलं, हेच एक का रुसतं रे? तर म्हणे मशीन आणि सर्व्हर आपसात गुपचूप पासवर्ड बदलत असतात. या मशीनला मागे व्हायरस लागला, म्हणून त्यात अशी सोय बसवली की बंद करून चालू केलं की ते जुन्या स्थितीला जातं. मग नवा पासवर्ड विसरतं आणि जुनाच सांगत बसतं. सुरू होतानाच नातं तपासून आपलं आपण जोडून घेईल, असा प्रोग्रॅमही त्याने लिहून ठेवला होता. पण मॅनेजरसाहेब परवानगी देत नव्हते.

मी गेले वर साहेबांकडे, त्या मुलीला घेऊन. साहेबांनी समजावलं की मशीनच्या हाती असा अधिकार देणं धोक्याचं आहे, आणि लेटचं म्हणाल तर सिस्टममध्ये दिसतं तेच खरं. मी म्हटलं, "मग उद्या तुमची हजेरी आमच्या मशीनवर लावा. तुम्ही आलेले मला दिसाल, पण मी कोणाला सांगणार नाही."

माझं तोंड बंद करायला ते खरंच खाली आले. मशीन माहेरी गेलेलंच होतं. साहेब परत परत पासवर्ड टाकतायत, रांग बघतेय. पुढच्या आजोबांनी काळजीने विचारलं, "साहेब, मशीन तुमाला वळखत नाय काय?"

दुपारी परवानगी मिळाली. तेव्हापासून मशीन सकाळी जरा रेंगाळतं, आपलं आपण जुळवून घेतं आणि आत सोडतं. सगळे खूश. पण मुलीचे आधीचे लेटमार्क तसेच राहिले. साहेब म्हणाले, आता पुढे होणार नाही ना, मागचं सोडा.

मी मुलीला घेऊन परत वर गेले आणि साहेबांसमोर खुर्ची ओढून बसले. म्हटलं, "मशीनला रोज सकाळी न विचारता माफी, आणि हिने काय घोडं मारलंय?"

"काकू, वयाचा फायदा घेताय तुम्ही."

"घेतेय. एवढं वय केलंय ते कशाला?"

खालून दोनदा बोलावणं आलं, मी उठले नाही. शेवटी साहेब पुटपुटत एकेक खूण काढायला लागले. शेवटच्या खुणेवर पोचले तशी मुलगी म्हणाली, "ती राहू द्या सर. त्या दिवशी मी खरंच उशिरा आले होते."

मी डोळे वटारले. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. साहेबांच्या नजरेला नजर देऊन उभी होती. महिनाअखेरीला ती कायम झाली, त्या एका लेटमार्कासकट.