लगेच म्हणजे किती?

सकाळी दुकानाचं शटर वर केलं की ऊन थेट काउंटरपर्यंत येतं. त्या दिवशीही आलं. दुरुस्तीचे चष्मे मी ज्या ट्रेमध्ये ठेवतो, त्यात प्रमिलाचा चष्मा सगळ्यात वर होता. दांडी बसवून, काचा पुसून तयार. ती न्यायला येणार म्हणून मुद्दाम वर ठेवलेला. मी उदबत्ती लावत होतो तेवढ्यात फोन वाजला. तिच्या फ्लॅटशेजारच्या काकू होत्या. ''प्रमिलाताई गेल्या हो… झोपेतच. दूधवाला बेल वाजवून दमला, दार उघडेना…'' पुढं त्या काय म्हणाल्या ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की फोन कानाला लावून मी ट्रेकडं बघत होतो आणि ऊन पडून त्या काचा माझ्या डोळ्यांदेखत काळ्या होत चालल्या होत्या. उन्हात काळ्या होणाऱ्या काचा आहेत त्या, होणारच. अशा शेकड्यांनी विकल्यात मी. पण त्या सकाळी मला वाटलं, चष्म्याच्या आत कुणीतरी आहे आणि त्यानं मला बघून डोळे मिटून घेतले. मी चक्क पाऊलभर मागं सरकलो.

प्रमिला आणि मी नगरच्या कॉलेजात रसायनशास्त्राला एका वर्गात होतो. ती श्रीगोंद्याकडची. वडील लवकर गेलेले, आई आरोग्य केंद्रात आया, आणि थोरला भाऊ बबन शाळा सोडून साखर कारखान्यात चिकटला म्हणून ही शिकू शकली. हे ती कधी विसरली नाही आणि कुणाला विसरूही द्यायची नाही. 'आमचा दादा' हा शब्द दिवसातून कितीदा तिच्या तोंडात यायचा! पदवीनंतर मी वडिलांच्या चष्म्याच्या दुकानात बसलो. माझ्या रसायनशास्त्राचा उपयोग काचा पुसायचं पाणी बनवण्यापुरता उरला. ती मात्र शिकत गेली, परीक्षा देत गेली आणि मुंबईला पेटंट परीक्षक झाली. म्हणजे काय, हे मला समजावताना तिला घाम फुटला होता. कुणी म्हणतं, मी अमुक एक नवीन शोधलं, त्यावर माझाच हक्क. तो अर्ज हिच्या टेबलावर येतो. ही जगभरचे जुने कागद धुंडाळते आणि विचारते, हे आधी कुणी सांगितलेलं नाही ना? कुठल्याही जाणत्या माणसाला सहज सुचेल असं तर नाही ना? आणि जे लिहिलंय ते वाचून दुसऱ्याला करता येईल इतकं स्पष्ट आहे का? जन्मभर हेच तीन प्रश्न. त्यामुळं व्हायचं ते झालं, घरीदारीही ती परीक्षकच झाली. माझ्या मुलाच्या लग्नात नवरदेवाची मिरवणूक ट्रॅक्टरवरून काढली, तर ही म्हणाली, ''यात नवीन काय? तुझ्या मामानं बैलगाडीवरून काढली होती, तू नुसतं इंजिन लावलंस.'' आमच्या मंडळींनी एकदा हौसेनं कसलीशी वेगळी भाजी केली, तर मिटक्या मारत म्हणते, ''वहिनी, झकास झालीय. पण ही पूर्वज्ञात आहे.''

आमच्या दोघांच्या धंद्याची गाठ पडली ती या रंग बदलणाऱ्या काचांपाशी. तिच्याकडं रसायनांचे अर्ज यायचे, आणि मधली काही वर्षं त्यात या काचांतल्या संयुगांचे अर्ज बरेच होते. उन्हातले अतिनील किरण पडले की संयुगाचा रेणू उलगडतो आणि रंग धरतो. सावलीत आला की पुन्हा मिटतो आणि काच पांढरी होते. आमच्या धंद्यात आरपार दिसणाऱ्या काचेला पांढरी म्हणतात. चालू अर्जाबद्दल ती अक्षर काढायची नाही, पण निकाल लागलेल्या, छापून आलेल्या अर्जांबद्दल भरभरून बोलायची. एका उन्हाळ्यात ती माझ्याकडून दोन नमुन्याच्या काचा घेऊन शेजारच्या रसवंतीवर गेली. एक काच तिनं बर्फाच्या लादीवर ठेवली, दुसरी तळहातावर, आणि दोन्ही उन्हात धरून उभी राहिली. रसवंतीवाल्याला वाटलं, बाई सरकारी माणूस आहे, बर्फ तपासतेय. त्यानं घाबरून तिला आलं-लिंबू घातलेला मोठा ग्लास दिला. बर्फावरची काच डांबरासारखी काळी झाली आणि सावलीत आणली तरी कितीतरी वेळ तशीच राहिली. ''बघ सुध्या,'' प्रमिला म्हणाली, ''थंडीत जास्त काळी होते आणि उशिरा पांढरी होते. आणि हे लोक अर्जात लिहितात, लगेच पूर्ववत होते! लगेच म्हणजे किती?''

तो 'लगेच' तिनं फार दिवस चावला होता. अर्जदाराच्या वकिलानं सुनावणीत सांगितलं, की या क्षेत्रातल्या तज्ज्ञाला लगेच म्हणजे काय ते कळतं. ही म्हणाली, मला नाही कळलं. किती तापमानाला, किती उन्हानंतर, किती वेळात आणि किती टक्के, ते लिहा. कोचीतलं लगेच वेगळं आणि नगरच्या डिसेंबरातलं लगेच वेगळं. अखेर त्यांना तो शब्द काढून तिथं आकडे लिहावे लागले. ही गोष्ट सांगताना ती लहान मुलीसारखी खूश व्हायची. तेव्हापासून तो आमच्यातला परवलीचाच शब्द झाला. चष्मा लगेच देतो म्हटलं की पलीकडून आलंच, ''लगेच म्हणजे किती?'' त्याच सुमारास तिनं स्वतःलाही तसल्या काचा बसवून घेतल्या. तिचा नंबर मायनस नऊ. चष्मा काढला की समोरच्या माणसाला नाक आहे की नाही, तेही तिला कळायचं नाही. त्या काचा मीच बसवल्या, जाड तपकिरी फ्रेममध्ये. आरशात बघून म्हणाली, ''आता मला कुणी उन्हात ओळखणार नाही.''

आणि तसंच झालं… मला हे लिहिताना अजूनही राग येतो. कुणाचा, ते सांगता येत नाही.

तिची आई गेली ती ऐन थंडीत. प्रमिलाच्या निवृत्तीच्या थोडं आधीची गोष्ट. आजारपण रेंगाळलेलं, प्रमिलाच्या मुंबईहून खेपा चाललेल्या, पण शेवटच्या दिवशी ती नव्हती. बबनदादाच्या मनात ते सलत असणार. मी नगरहून आधीच पोचून ओसरीवर बसलो होतो. गाडी आत येत नाही म्हणून प्रमिला कालव्याच्या पाटापासून चालत आली, सकाळच्या लख्ख, गारठलेल्या उन्हातून. पांढरी साडी आणि त्यावर ते दोन काळेकुट्ट डोळे. अंगणातल्या बायका तिला बघून कुजबुजल्या ते मी ऐकलं. ''आईच्या मयताला गॉगल घालून आलीया.'' बबनदादा दारात उभे होते. ते म्हणाले, ''पमे, गॉगल काढ. आईम्होरं तरी उघड्या डोळ्यांनी ये.'' तिनं काढला नाही. तशीच आत गेली आणि आईच्या उशाशी बसली. ''काढ म्हनलं न्हवं! डोळ्यात पानी न्हाई म्हनून झाकतीस व्हय?'' बबनदादा तिरडीचं बघायला म्हणून तरातरा बाहेर निघून गेले. मी तिच्या समोरच्या भिंतीला टेकून होतो. हळूहळू, अगदी हळूहळू त्या काचा पांढऱ्या व्हायला लागल्या, आणि आत तिचे डोळे दिसायला लागले. मी तसे डोळे पुन्हा पाहिलेले नाहीत. देव करो आणि पाहायला न लागोत. ती आईच्या चेहऱ्यावरून नजर हलवत नव्हती आणि पाणी नुसतं वाहत होतं. चष्मा काढला असता तर आई दिसलीच नसती तिला. पण हे बघायला बबनदादा तिथं नव्हते.

मी गप्प बसणारा माणूस नाही. जलदान विधीच्या दिवशी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की तो गॉगल नव्हता, काचा उन्हात आपोआप काळ्या होतात. ते म्हणाले, ''तुमी दुकानदार. तुमच्या मालाची बाजू तुमी घेनारच. आमी घरात बघितलंय, उनात न्हवं.'' माणूस रागावलेला असला की त्याला धरायला एक खुंटी लागते, ती त्यांना मिळाली होती. बहीणभावांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. प्रमिलाला मी किती वेळा म्हणालो, अगं, जा, त्यांच्यासमोर अंगणात उभी राहा, दाखवून दे. एकदाच ती माझ्यावर कडाडली. ''मी आईसाठी रडले की नाही, याचा पुरावा देऊ? भावाला?'' मग म्हणाली, ''हरकत घेणाऱ्यानं आधी नीट वाचायचं असतं, सुध्या. दादानं माझ्याकडं नीट बघितलंच नाही.'' 'आमचा दादा' मात्र तिच्या तोंडातला सुटला नाही. निवृत्त होऊन ती नगरला राहायला आली, ते श्रीगोंदा एका बसवर यावं म्हणून, हे मला कळत होतं. ती बस तिनं कधी पकडली नाही.

शेवटची आली ती सुटलेली दांडी घेऊन. जुना, जाड काचांचा जादा चष्मा डोळ्यांवर होता. मी म्हटलं, ''प्रमिला, या काचा आता दमल्या. सावलीतही पूर्ण पांढऱ्या होत नाहीत, पिवळट झाक राहते. नवीन बसवू?'' ती म्हणाली, ''नको. पुरावा बदलायचा नसतो.'' मी हसलो. मला तो तिचा नेहमीचा हापिसातला विनोद वाटला. जाताना पायरीवरून वळून म्हणाली, ''उद्या नेते.'' मी म्हटलं, ''लगेच करून देतो की.'' तिनं नुसती भुवई उचलली. यावेळी विचारलं नाही.

ती गेल्यानंतर तो चष्मा ट्रेमध्येच राहिला. मी अंधश्रद्धाळू नाही. देवाला उदबत्ती लावतो ती वडील लावायचे म्हणून. पण रोज सकाळी शटर वर करताना माझा हात जड व्हायला लागला. काचा काळ्या व्हायच्या आणि मला वाटायचं, ती पाटावरून चालत येतेय. ऊन सरकायचं, काचा उजळायला लागायच्या, आणि मी मान फिरवायचो, आता आत डोळे दिसतील म्हणून. ट्रे मी कपाटात ठेवून पाहिला. अंधारात ठेवला तर ते जास्तच भयंकर वाटलं, जणू कुणाला कोंडून घातलंय. पुन्हा बाहेर काढला.

गेल्या आठवड्यात दुकानाच्या पायरीवर बबनदादा उभे होते. बघितल्यावर ओळखायलाच वेळ लागला, तिच्या मयतानंतर इतके वाळलेले. बहिणीचा फ्लॅट आवरायला आले होते. हातात माझ्या दुकानाचं नाव असलेली चष्म्याची रिकामी डबी. आत येऊन बसले, पाणी प्यायले आणि खिशातून दोन फोटो काढून काउंटरवर ठेवले. घरी लावायला तिचा फोटो शोधत होते ते. दोन्ही फोटो माझ्याच मुलाच्या लग्नातले, एकाच दुपारचे. एकात ती मांडवाबाहेर ट्रॅक्टरपाशी उभी, काळा चष्मा. दुसऱ्यात मांडवात जेवायला बसलेली, पांढरा चष्मा. फ्रेम तीच, तपकिरी.

''सुधाकरराव,'' ते म्हणाले, ''ह्यो एकच चष्मा हाय व्हय?''

बोलून एकदा झालं होतं. ट्रेमधून चष्मा काढला, त्यांना घेऊन पायरीवर आलो आणि उन्हात धरला. ते बघत राहिले. काचा काळवंडत गेल्या, पार काळ्या झाल्या. मग मी तो चष्मा त्यांच्या हातात दिला आणि त्यांना आतल्या खोलीत स्टुलावर बसवलं, जिथं मी गिऱ्हाइकांचे डोळे तपासतो. ते दोन्ही हातांच्या ओंजळीत चष्मा धरून बसले.

''कवा हुत्यात पांढऱ्या?''

''होतील.''

''लगेच न्हाई हुत?''

मी मानेनंच नाही म्हटलं. आम्ही दोघं म्हातारे एका चष्म्याकडं बघत बसलो. कडेनं आधी उजळलं, मग मधे… मग त्यांच्या ओंजळीतल्या रेषा काचेतून दिसायला लागल्या.

''म्हंजी त्या दिशी,'' ते म्हणाले, ''मी भायेर गेल्तो, तवा…''

''तेव्हा झाल्या पांढऱ्या.''

''रडत हुती?''

''रडत होती, दादा.''

ते ओंजळ तोंडाशी नेऊन बसले, चष्म्यासकट. ओंजळीतूनच म्हणाले, ''मी जरा थांबाया पायजे हुतं. जराच.'' मग काच डोळ्यांजवळ नेऊन, ''आजून वाईच काळं हाय ह्यात.'' मी म्हटलं, ''जुन्या झाल्या. तेवढं आता राहणारच.'' चष्मा डबीत घालून त्यांच्यापुढं केला, तर त्यांनी डबी तेवढी घेतली. ''ह्यो हितंच असू द्या,'' म्हणाले. ''घरी न्हेला तर मला आंगनात जाया हुयाचं न्हाई.''

तेव्हा चष्मा अजून ट्रेमध्येच आहे. सकाळी शटर वर केलं की काळा होतो, ऊन सरकलं की उजळायला लागतो. मला भीती वाटायची थांबली, असं मी म्हणणार नाही. गिऱ्हाईक समोर उभं असतं, त्याला गाडी पकडायची असते. ''लगेच द्या हो,'' म्हणतं. मी म्हणतो, देतो की, लगेच. आणि स्क्रू पिळता पिळता माझा हात थांबतो… कारण डावीकडून, ट्रेच्या बाजूनं, कुणीतरी विचारतं.